एक वेल, सहा नावं

झिनफांडेल हे काळं द्राक्ष आणि त्याची लाल वाइन म्हणजे अस्सल अमेरिकन, असं कॅलिफोर्नियातले लोक शंभरहून अधिक वर्षं मानत आले. कॅबर्ने सोविन्यों किंवा पिनो न्वार ही द्राक्षं तिथं फ्रान्समधून गेली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. झिनफांडेल या नावाची वेल मात्र युरोपातल्या एकाही बागेत सापडत नव्हती. वाइन करण्याजोगी युरोपीय वंशाची वेल अमेरिकेत मुळात उगवतच नव्हती, त्यामुळे ती समुद्र ओलांडूनच आलेली असणार, एवढं वनस्पतिशास्त्रज्ञांना नक्की माहीत होतं. कुठून, ते कळत नव्हतं. डिसेंबर 2001 मध्ये उत्तर मिळालं. क्रोएशियाच्या दाल्मेशिया किनाऱ्यावर, स्प्लिट शहराजवळच्या काश्तेल नोवी गावातल्या एका जुन्या मिश्र बागेत काही वेली उभ्या होत्या आणि त्यांचा डीएनए झिनफांडेलशी तंतोतंत जुळला. त्या बागेतल्या अशा वेली बोटांवर मोजता येतील इतक्याच होत्या. पुढच्या शोधात आणखी काही मिळाल्या, तरी सगळ्या दाल्मेशियात मिळून जेमतेम वीस-पंचवीस भरल्या. जिच्या कॅलिफोर्नियात हजारो एकर बागा आहेत, ती वेल स्वतःच्या जन्मगावी नामशेष व्हायच्या बेतात होती. मग हा वारसा कोणाचा म्हणायचा? जन्म दिलेल्या भूमीचा, की सांभाळलेल्या भूमीचा? माझ्या मते जन्मगाव सापडलं म्हणून हा प्रश्न सुटत नाही. वेल टिकते ती पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी तिची काडी लावत राहतो म्हणून, आणि तिचा इतिहास टिकतो तो कोणीतरी तिचं नाव लिहून ठेवतो म्हणून. झिनफांडेलच्या बाबतीत ही दोन कामं वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या देशांत केली.

हे नीट समजण्यासाठी आधी वेलीचा स्वभाव लक्षात घ्यायला हवा. हापूसची कोय पेरून हापूस मिळत नाही, हे कोकणातल्या शाळकरी मुलालाही माहीत असतं. कोयीतून येतं ते वेगळंच झाड, रायवळ. हापूस हवा तर कलमच बांधावं लागतं. द्राक्षाचंही तसंच आहे. बी पेरलं तर आईसारखी वेल येत नाही, म्हणून छाटणीत निघालेली, दोन-चार डोळे असलेली काडी मातीत खोचायची किंवा खुंटावर कलम करायची, हीच रीत हजारो वर्षं चालत आली आहे. याचा अर्थ असा की आज कॅलिफोर्नियात उभी असलेली झिनफांडेलची वेल ही पाचशे वर्षांपूर्वीच्या दाल्मेशियन वेलीची पणती-खापरपणती नाही. ती तीच वेल आहे. मूळ खोड केव्हाच वाळलं, पण त्याचा जिवंत तुकडा एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिला. मध्ये कुठं एका पिढीने काडी लावली नाही, तर ती जात त्या ठिकाणापुरती कायमची संपते. बियांसारखी ती डबीत भरून ठेवता येत नाही. जुन्या द्राक्षाचा वारसा म्हणतात तो असा नाजूक असतो, आणि देवळाच्या किंवा किल्ल्याच्या वारशापेक्षा म्हणूनच वेगळा असतो. किल्ला दोनशे वर्षं ओस पडला तरी त्याचे बुरूज उभे राहतात. वेलीला तेवढी सवड नसते.

ही वेल दाल्मेशियातून बाहेर पडली ती दोन वाटांनी. एक वाट जवळची, एड्रियाटिक समुद्रापलीकडे इटलीच्या पुलिया प्रांतात. तिथं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जोया देल कोले गावच्या फ्रांचेस्को इंदेलिकाती या धर्मगुरूने आपल्या बागेतल्या वेलींपैकी एक वेल इतरांच्या आधी पिकते हे हेरलं, तिच्या काड्या वेगळ्या काढून लावल्या आणि तिला लॅटिनवरून नाव दिलं, प्रिमितिवो, म्हणजे आधी पिकणारी. दुसरी वाट लांबची. नेपोलियनच्या पाडावानंतर दाल्मेशिया ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता आणि साम्राज्याच्या कानाकोपऱ्यातली झाडंझुडं व्हिएन्नाच्या शाही बागेत जमा होत. 1820 च्या दशकात न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचे रोपवाटिकाचालक जॉर्ज गिब्ज यांनी तिथून वेली मागवल्या. त्यांतली ही एक असावी, असं कागदपत्रं सांगतात. झिनफांडेल हे नाव बहुधा झियरफांडलर या ऑस्ट्रियातल्या पांढऱ्या द्राक्षाशी झालेल्या गल्लतीतून आलं. बोस्टनच्या आसपास श्रीमंतांच्या काचघरांत ती काही वर्षं खाण्याचं द्राक्ष म्हणून वाढली आणि सोन्याच्या शोधात माणसं पश्चिमेला धावली तेव्हा, 1850 च्या दशकात, कॅलिफोर्नियात पोचली. पुढे एक दंतकथा रुळली की अगोस्टन हाराझ्ती या हंगेरियन साहसी गृहस्थाने ती आणली. ही दंतकथा त्याच्या मुलानेच पसरवली होती. चार्ल्स सलिव्हन या इतिहासकाराने जुन्या रोपवाटिकांच्या याद्या आणि बागायत प्रदर्शनांचे अहवाल चाळून ती खोडून काढली. हाराझ्ती अमेरिकेत पोचण्याआधीच ही वेल पूर्व किनाऱ्यावर विकली जात होती. एका वजनदार नावाने शेकडो साध्या माळ्यांचं श्रेय किती सहज गिळलं, हे इथं दिसतं.

वेलीचं मूळ ज्या रीतीने सापडलं ती हकिकत थोडी सावकाश सांगण्यासारखी आहे. 1967 मध्ये अमेरिकेच्या कृषिखात्यातले वनस्पतिरोगतज्ज्ञ ऑस्टिन गोहीन इटलीत बारीला गेले असता तिथली प्रिमितिवोची वाइन त्यांना झिनफांडेलसारखी लागली. त्यांनी वेली पाहिल्या, काड्या कॅलिफोर्नियात डेव्हिसला नेल्या, शेजारी-शेजारी लावल्या. दोन्ही दिसायला सारख्याच निघाल्या. 1990 च्या दशकात डेव्हिसच्या संशोधक कॅरोल मेरेडिथ यांनी डीएनए तपासून दोन्ही एकच असल्याचं सिद्ध केलं. पण इटलीतही ती जुनी नव्हती, म्हणजे मूळ आणखी कुठंतरी होतं. एक सुगावा मात्र होता. कॅलिफोर्नियातल्या नापामधले नामवंत वाइननिर्माते माइक ग्रगिच मूळचे दाल्मेशियातल्या देस्ने गावचे. 1976 मध्ये पॅरिसच्या प्रसिद्ध चाचणीत फ्रेंच वाइन मागे टाकणारी शार्डने यांच्याच हातची. ते कॅलिफोर्नियात आल्यापासून सांगत होते की झिनफांडेल म्हणजे आमच्याकडची प्लावात्स माली. मेरेडिथ 1998 मध्ये क्रोएशियाला गेल्या, झाग्रेब विद्यापीठाच्या इव्हान पेजिच आणि एडी मालेटिच यांच्याबरोबर किनारा आणि बेटं फिरून त्यांनी प्लावात्स मालीची सुमारे दीडशे पानं गोळा केली. एकही जुळलं नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात आली. डीएनएत काही ठिकाणी अक्षरांचे छोटे गट पुन्हापुन्हा येतात आणि ते किती वेळा येतात यावरून जात ओळखता येते. प्रत्येक ठिकाणी दोन आकडे मिळतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. प्लावात्स मालीत प्रत्येक ठिकाणचा एक आकडा झिनफांडेलचा होता. म्हणजे या दोन वेली एक नव्हत्या, पण त्यांचं आई-लेकराचं नातं होतं. दुसरी पालक वेल शोल्टा बेटावरची डोब्रिचिच निघाली. ग्रगिच पूर्ण बरोबर नव्हते, पण त्यांच्या नजरेला पानात आणि घडात घरचं कोणीतरी दिसलं होतं, ते खरंच होतं.

लेक सापडली, तर आई जवळपास असणार. पेजिच आणि मालेटिच पुढची तीन वर्षं जुन्या बागांमधून अनोळखी वेली शोधत राहिले आणि काश्तेल नोवीला पोचले. तिथं या वेलीला त्सर्ल्येनाक काश्तेलान्स्की म्हणत, म्हणजे नुसतं 'काश्तेलाचं लाल'. पुढे ओमिश गावात एका वृद्ध बाईंच्या परसात प्रिबिद्राग नावाने तीच वेल मिळाली. शेजारच्या मॉन्टेनेग्रोत क्रातोशिया या नावाने चालत आलेली वेलही हीच निघाली. वरवर पाहता इथं गोष्ट संपते: प्रयोगशाळेने कोडं सोडवलं. पण प्रयोगशाळेला तपासायला पान लागतं, आणि ते पान ज्या बागेत होतं ती बाग कोणीतरी उपटली नव्हती. शेजारीपाजारी सगळ्यांनी फायद्याची वेल लावली असताना एका बागेत जुन्या ओळी तशाच राहिल्या, एका परसात एक वेल राहिली. त्या राखणाऱ्यांना झिनफांडेल हा शब्दही माहीत नसणार. मेरेडिथ, पेजिच, मालेटिच यांच्या कामाचं मोल यानं कणभरही कमी होत नाही, पण शोधाच्या कथेत वेल राखणाऱ्यांना दोन ओळी मिळतात, हे मला अन्यायाचं वाटतं.

मग जन्मगावीच ती का संपत आली? दाल्मेशियाने तिची उपेक्षा केली, असं सहज म्हटलं जातं. कारणं तपासली की हा आरोप टिकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेतून भुरी आली, त्यानंतर केवडा, आणि मुळं खाणारी फायलोक्सेरा नावाची कीड. फ्रान्सच्या बागा या किडीने आधी उद्ध्वस्त झाल्या तेव्हा दाल्मेशियाच्या वाइनला काही वर्षं सोन्याचा भाव आला आणि किनाऱ्यावर दिसेल तिथं द्राक्ष लागलं. मग 1891 मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीने इटालियन वाइनवरची जकात उतरवली, भाव कोसळले, आणि पाठोपाठ कीड दाल्मेशियातही पोचली. हजारो कुटुंबं अमेरिका, चिली, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला निघून गेली. जे राहिले त्यांना किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन खुंटावर कलमं करून बागा नव्याने लावायच्या होत्या. नव्याने लावायची म्हटल्यावर माणूस खात्रीची जात निवडतो. या जुन्या वेलीचा घड हातात घेतला तर अडचण तिथंच दिसते: एकाच घडात काही मणी काळेभोर पिकलेले, काही अजून हिरवे आणि काही उन्हाने आटून मनुका झालेले. मणी एकमेकांना इतके चिकटून की पावसाचं पाणी आत शिरलं की घड कुजतो. तिची लेक प्लावात्स माली उशिरा पिकते, पण समुद्राकडे उतरणाऱ्या खडकाळ, रखरखीत उतारांवर जोमाने तग धरते. पेल्येशात्स द्वीपकल्पावरच्या डिंगाच या उताराच्या प्लावात्स वाइनला 1961 मध्येच संरक्षित दर्जा मिळाला. शेतकऱ्याने पोटाला तारणारी वेल निवडली. त्यात त्याचा दोष काय?

आणि इथंच सगळ्यात मोठा आक्षेप उभा राहतो. आई अडचणीची होती, लेक सरस निघाली, तर आईसाठी एवढी धावाधाव कशाला? या आक्षेपात तथ्य आहे. प्रत्येक जुनी जात राखलीच पाहिजे असं म्हणणं सोपं असतं, कारण ती राखायचा खर्च म्हणणाऱ्याला करावा लागत नाही. पण या वेलीच्या बाबतीत उत्तर कॅलिफोर्नियाने देऊन ठेवलं आहे. जो असमान पिकण्याचा दोष दाल्मेशियाच्या शेतकऱ्याला परवडला नाही, तोच कोरड्या, पावसाविना जाणाऱ्या उन्हाळ्यात गुण ठरला. आटलेल्या मण्यांतून येणारी दाट गोडी आणि हिरव्या मण्यांतला आंबटपणा यांनी मिळून झिनफांडेलची चव बनते. एका भूमीत नापास झालेली जात दुसऱ्या भूमीत, दुसऱ्या हवामानात पहिली येते. पुढच्या पन्नास वर्षांत दाल्मेशियाचं हवामान आजच्यासारखंच राहील असं कोण सांगू शकेल? जात हातात असली तर प्रयोग करता येतो. नसली तर तो प्रश्नच उरत नाही. शिवाय ही काही एकटी वेल नाही. प्लावात्स माली तिची लेक, किनाऱ्यावरच्या आणखी कित्येक जाती तिच्या नात्यातल्या. आई गेली असती तर या सगळ्या गोतावळ्याची वंशावळ कधीच जुळली नसती.

कॅलिफोर्नियानेही ही वेल काही भक्तिभावाने राखली असं नाही, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. 1920 ते 1933 दारूबंदी होती. पण कुटुंबाला घरी वर्षाला दोनशे गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या आसपास, फळांचा रस करायची मुभा होती. मुख्यतः इटालियन स्थलांतरित ती घरची वाइन करायला वापरत आणि त्यासाठी आगगाडीचे डबे भरभरून द्राक्षं पूर्वेकडे जात. त्यामुळे झिनफांडेलच्या जुन्या बागा शाबूत राहिल्या. पुढे 1970 च्या दशकात लोकांना लाल वाइन नकोशी झाली आणि बागा उपटायची वेळ आली. तेव्हा सटर होम या वाइनरीत 1975 मध्ये एका पिंपातली आंबवण्याची क्रिया अर्ध्यातच अडकली, साखर शिल्लक राहिली आणि फिकट गुलाबी, गोडसर वाइन तयार झाली. जाणकारांनी नाकं मुरडली, पण 'व्हाइट झिनफांडेल' अफाट खपली आणि तिला द्राक्षं पुरवायला जुन्या वेली जागेवर राहिल्या. अमाडोर काउंटीत 1869 च्या दस्तात उल्लेख असलेली झिनफांडेलची बाग आजही फळ देते. वारसा जपण्यासाठी शुद्ध हेतू लागतोच असं नाही. गिऱ्हाईक लागतं. हे म्हणणं काहींना बोचेल, पण दीडशे वर्षांचा पुरावा तसाच आहे.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा. डीएनए एक आहे, मग प्रिमितिवो आणि झिनफांडेल ही वेगळी नावं म्हणजे निव्वळ बाजारूपणा नाही का? युरोपीय संघाने 1999 मध्ये इटालियन उत्पादकांना आपल्या बाटलीवर झिनफांडेल लिहायची परवानगी दिली, तेव्हा अमेरिकन बागायतदार चिडले. अमेरिकेच्या नियमांत ही दोन्ही आजही स्वतंत्र नावं आहेत. मला दोन्ही बाजूंचं अर्धं-अर्धं पटतं. शेकडो वर्षं काड्या लावताना वेलीत बारीकसारीक बदल साचतात. पुलियातल्या वेलीचे घड थोडे मोकळे असतात, कॅलिफोर्नियातले घट्ट. माती वेगळी, छाटणी वेगळी, वाइन करायची पद्धत वेगळी. तेव्हा स्थानिक नाव हे त्या भूमीतल्या श्रमाचं नाव आहे आणि ते राहावं. पण त्या नावाआड मूळ दडवू नये. द्राक्षाचा जन्म नेमका क्रोएशियात की मॉन्टेनेग्रोत, यावरूनही रस्सीखेच चालते. या वेली लागल्या तेव्हा आजच्या सीमा नव्हत्या, त्यामुळे त्या वादात मला फारसा अर्थ दिसत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे दूरचं वाटायचं कारण नाही. नाशिकमध्ये सुला विनयार्ड्सने झिनफांडेल लावलं आहे आणि एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी असा वर्षातून दोनदा कात्री लागणारा आपला क्रम या दाल्मेशियन वेलीनेही स्वीकारला आहे. त्याहून जवळचं उदाहरण आपल्या रोजच्या हिरव्या द्राक्षाचं. थॉमसन सीडलेस हे नाव कॅलिफोर्नियातल्या विल्यम थॉमसन यांचं, पण वेल मूळची सुलताना, पश्चिम आशियातली. तिच्यातच आपोआप झालेल्या बदलांतून तासगाव भागात तास-ए-गणेश आणि सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजला सोनाका निवडली गेली. वेगळी दिसणारी एक काडी एका शेतकऱ्याने वेळेवर ओळखली आणि वेगळी लावली. इंदेलिकातीने जोया देल कोलेत केलं ते काम आपल्याकडे गेल्या काही दशकांत, डोळ्यांदेखत झालं. आपणही द्राक्षाच्या इतिहासात नुसते घेणारे नाही.

आता परत दाल्मेशियाला, कारण एक धागा राहिला आहे. त्सर्ल्येनाक काश्तेलान्स्की हे नाव एका गावापुरतं होतं, जुन्या कागदांत ते कुठं येत नाही. पंधराव्या शतकापासूनच्या दाल्मेशियन दस्तांत वेगळंच नाव येतं, त्रिबिद्राग. व्हेनिसच्या बाजारात मान असलेली ती वाइन. पण ती नेमकी कुठली वेल हे कोणी सांगू शकत नव्हतं, कारण नाव कागदावर होतं आणि वेल बागेत, दोघांना जोडणारं काही नव्हतं. ओमिशचं प्रिबिद्राग हे नाव इशारा करत होतं, एवढंच. स्प्लिटच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात वाळवून ठेवलेला द्राक्षवेलीचा एक जुना नमुना होता आणि त्यावर कोणीतरी नाव लिहिलं होतं: त्रिबिद्राग. संशोधकांनी त्या सुमारे नव्वद वर्षं जुन्या सुकल्या पानांतून डीएनए मिळवला आणि 2011 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. तो झिनफांडेलचाच होता. पाचशे वर्षांचा लेखी इतिहास एका दिवसात या वेलीला परत मिळाला, केवळ त्या चिठ्ठीमुळे. जाणकारांच्या मते त्रिबिद्राग या नावाचं मूळ ग्रीक आहे आणि त्याचाही अर्थ लवकर पिकणारी असाच होतो, म्हणजे इंदेलिकातीने नकळत जुनंच नाव नव्या भाषेत ठेवलं होतं. 2008 पर्यंत क्रोएशियात या वेलीची संख्या दोन हजारांच्या घरात गेली आणि आता तिथल्या बाटल्यांवर त्रिबिद्राग हे नाव पुन्हा दिसू लागलं आहे.

आपल्या बागायतदारांना म्हणून एक विनंती आहे. बागेत एखादी वेगळी वेल असेल, आजोबांनी कुठून तरी आणलेली, बाजारात न चालणारी, तर ती उपटण्याआधी तिची एक काडी कोपऱ्यात लावा, आणि ती कुठल्या गावाहून, कोणाकडून, कोणत्या साली आली, तिला घरात काय म्हणत, हे शेतीच्या वहीत तारखेसह लिहून ठेवा.